हरेशनं बांधलेल्या पट्ट्या

पनवेलची थंडी म्हणजे थंडीचं नुसतं नाव. सोसायटीतल्या बायका दोन-तीन दिवस हौसेनं स्वेटर मिरवून घेतात, रिक्षावाले कानाला मफलर गुंडाळून स्टँडवर चहा पीत बसतात, आणि दुपारी बारा वाजता सगळ्यांच्या घरी पंखे सुरू. मला या थंडीचं कधी कौतुक वाटलं नाही. उलट ती आली की मी जरा चिडचिडी होते, ऑफिसात विनाकारण कुणावर तरी खेकसते. त्याचं कारण मला माहीत असतं. बाकीच्यांना माहीत नसतं.

यंदा मार्गशीर्ष संपता संपता बाबांचा फोन आला. ऑफिसात होते. बाबा ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाहीत, त्यामुळे पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडून म्हणाले, "बाय, साल सुटली."

एवढंच. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. सात-आठ वर्षांत बाबांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

साल सुटते म्हणजे काय, ते सांगायला हवं. लिंबूवर्गातलं झाड, म्हणजे मोसंबी, संत्रं, पपनस, दोन झाडांचं मिळून एक केलेलं असतं. खालचा खुंट, ज्याची मुळं जमिनीत असतात. आणि वर दुसऱ्याच एखाद्या चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यात दडलेला कोंब. खुंटाच्या कोवळ्या खोडावर वीतभर उंचीला उभी-आडवी चीर द्यायची, साल हलकेच उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून टाकायचं. पण साल उचलली जायला हवी. वर्षभर ती लाकडाला चिकटून बसलेली असते. आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात, पाणी नीट दिलेलं असलं, की ती ओलसर होते आणि नखानंही अलगद वेगळी होते. ते दिवस थोडेच असतात. आमच्या घरात दिवाळीपेक्षा त्या दिवसांची वाट जास्त पाहिली जायची.

आमचं गाव खाडीच्या काठाला. आजोबा मिठागरावर राबले. बाबांना लहानपणापासून त्या खाऱ्या पाण्याचा आणि पायाच्या भेगांचा इतका वीट आला होता, की त्यांनी घरामागच्या गोड्या विहिरीच्या भरवशावर रोपं करायला घेतली. शिरढोणला रस्त्याच्या कडेला पिशव्या मांडून ती विकायची. मुंबईहून नवीन घर घेतलेली माणसं गाडी थांबवत, खाली उतरून कमरेवर हात ठेवत आणि म्हणत, "काका, लवकर फळ देणारं द्या." बाबा त्यांना सगळ्यात उंच रोप द्यायचे.

उंच रोप म्हणजे जंबेरीच्या खुंटावरचं. जंबेरी हे एक रानवट, खडबडीत लिंबू. त्याचं रोप भराभर वाढतं, भराभर जाड होतं, त्याच्यावर भरलेला डोळा जोरात उसळतो. बाबांचा जन्म जंबेरीत गेला. पुढे त्याच झाडाला मोठाली, जाड सालीची, पाणचट फळं लागतात, आणि जमीन जरा खारट किंवा पाणथळ असली की खोडातून डिंक गळायला लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तोवर रोप दुसऱ्याच्या अंगणात गेलेलं असायचं.

माझा धाकटा भाऊ हरेश बारावीनंतर दोन हंगाम जालन्याकडे एका मोसंबीच्या बागेत काम करायला गेला आणि रुमालात बी बांधून परत आला. रंगपूर लिंबाचं बी. बाहेरून संत्र्यासारखं नारिंगी दिसणारं आणि तोंडात घातलं की डोळे मिटायला लावणारं ते आंबट फळ. त्याची मुळं खारं पाणी सोसतात, झाड जरा बेतानं वाढतं, पण त्याच्यावरचं फळ पातळ सालीचं आणि गोड होतं, असं तो सांगायचा. त्यानं विहिरीजवळ एक वाफा त्याचा टाकला. तेव्हापासून आमच्या घरात जेवणाच्या ताटावर भांडणाला विषय मिळाला.

"खुंट कोन बगतंय रे?" बाबा म्हणायचे. "गिराईक शेंडा बगतंय."

"फल खाणारा बगतो, बाबा. चार वर्सांनी."

"चार वर्सांनी गिराईक कुठं नि आपुन कुठं."

हरेश हसायचा. त्याला चिडता यायचं नाही, हा त्याचा मोठाच दोष होता. मी माहेरी गेले की बाबांच्या बाजूनं बोलून त्याला आणखी छळायची. त्याची बुटकी रोपं शिरढोणला मागच्या ओळीत उभी असायची आणि संध्याकाळी तशीच टेंपोतून घरी परत यायची. मी त्यांना 'हरेशची बालवाडी' म्हणायची. तो म्हणायचा, "ताई, तुझी उंची तरी कुठं आहे एवढी?"

आता पपनसाबद्दल. घराच्या पलीकडे जुन्या बांधावर आईचं पपनसाचं झाड होतं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं स्वतः बी टाकून वाढवलेलं. आतून गुलाबी, पाकळी सोलली की सुटी, आणि खाल्ल्यावर जिभेच्या टोकाला किंचित कडू. नवरात्र आलं की आई त्याचा वानवळा नात्यातल्या सगळ्यांकडे पाठवायची. माझ्या सासरी पहिल्या वर्षी हरेश तीन पपनसं मांडीवर घेऊन एसटीनं आला होता. सासूबाई म्हणाल्या, "अहो, हे काय कलिंगड आहे की काय?" तेव्हापासून आमच्या घरी नवरात्र पपनसाशिवाय झालं नाही.

मग पलीकडच्या जमिनीवर भराव पडायला लागला. खाडीकाठच्या कुठल्याही गावाला जे झालं तेच. डंपरामागून डंपर यायचे, मुरूम आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा टाकून जायचे. झाड आमचं, पण बांध पलीकडच्यांच्या हद्दीत. बघता बघता खोड कमरेपर्यंत गाडलं गेलं. पाण्याची वाट बुजली, खाडीचं पाणी फिरून आत यायला लागलं, आणि आमच्या गोड्या विहिरीच्या पाण्याला आजोबांच्या मिठागराची चव आली. बाबा ओंजळीनं पाणी प्यायले आणि थुंकले. मला वाटतं, आयुष्यात ते एवढे कधी हरले नसतील.

त्या नवरात्रात झाडाला फळ आलं ते लहान आणि सुकलेलं. शेंडे वाळायला लागले होते. हरेश म्हणाला, "आई, झाड नाय वाचायचं. पण डोळे वाचवतो."

त्या वर्षीचा पौष मला अजून दिसतो. मी मुद्दाम रजा काढून गेले होते, कारण आमच्या घरात डोळे काढायला माझा हात हलका समजला जायचा. सकाळचं ऊन, विहिरीच्या कठड्यावर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या पपनसाच्या काड्या, हिरव्या सालीचा तो कडवट, नाकात जाणारा वास. मी डोळे काढून द्यायचे, हरेश भरायचा आणि बांधायचा. बाबा लांब खाटेवर बसून विडी ओढत होते. त्यांच्या जंबेऱ्या बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या, हरेशचे रंगपूर जेमतेम पेन्सिलीएवढे.

"जंबेरीवर भर," बाबा म्हणाले. "येका वर्सात डोईवर जाईल. आईसला लवकर खाया भेटंल."

"पाणी खारं झालंय, बाबा. जंबेरी जळेल."

बाबांनी विडी विझवली. "कर तुज्या मनासारका," म्हणाले आणि उठून गेले. त्या दोघांचं शेवटचं भांडण हे. भांडण तरी कसलं म्हणायचं त्याला.

बांधण्याची प्रत्येकाची रीत असते. बाबांची गाठ म्हणजे गाठ. पक्की, दोनदा मारलेली, सुटायला सुरीच हवी. हरेश गाठच मारायचा नाही. पट्टीचा शेवटचा वेढा घेतला की टोक त्याच्याखालून सरकवायचा आणि बाहेर बोटभर शेपटी ठेवायचा. मी म्हटलं, "ही काय गाठ आहे? बुटाची नाडी तरी नीट बांधतोस का?" तो म्हणाला, "बांधायची असते तेव्हाच सोडायचा विचार करावा लागतो, ताई. तीन आठवड्यांनी मीच शिव्या देत बसणार ना सुरी शोधत." आणि त्यानं एका बांधलेल्या पट्टीची शेपटी ओढून दाखवली. एका ओढीत सगळे वेढे सुटले, सालीला ओरखडासुद्धा नाही. मग त्यानं ती परत बांधली.

दहा-बारा रोपं झाली. सगळ्या शेपट्या एका दिशेला, विहिरीकडे.

पुढच्याच आठवड्यात तो रोपांच्या शेडसाठी लोखंडी अँगल आणायला कळंबोलीला गेला. दुपारची वेळ, लख्ख ऊन. मोटरसायकलवर होता. वळणाऱ्या ट्रेलरनं त्याला बघितलंच नाही. याच्यापुढचं मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

तेरावं झालं. माणसं गेली. आमच्या घरात एक विचित्र शांतता आली, तिच्यात फक्त डंपरांचा आवाज. बाबा सकाळी उठून रोपांना पाणी घालायचे, सगळ्यांना, आणि हरेशच्या वाफ्यापाशी आले की खाली बसायचे. पट्ट्यांकडे बघत बसायचे. शेपटीला बोट लावायचे आणि काढून घ्यायचे.

तीन आठवडे झाले, पट्ट्या सोडायची वेळ आली. बाबांना हे मी सांगावं असं काही नव्हतं. जन्मभर त्यांनी गावातल्या पोरांना दरडावून शिकवलं होतं, की वेळेत पट्टी सोडली नाही तर ती खोडात रुतते, डोळ्याचा गळा आवळला जातो, आत कोंब गुदमरून मरतो. पण चौथा आठवडाही गेला. पट्टीच्या वरखाली खोड फुगायला लागलं. आत डोळे हिरवे होते, प्लॅस्टिकमधून दिसत होते. आणि पलीकडे बांधावरचं आईचं झाड पार वाळून गेलं होतं. त्याच्यातलं या जगात काही उरलं असेल तर ते त्या पट्ट्यांखाली होतं.

मी एका सकाळी हात पुढे केला, तर बाबा ओरडले, "हात लावू नको!"

आयुष्यात ते माझ्यावर एवढ्यानं ओरडले नव्हते. मग लगेच आवाज खाली आला. "त्याची गाठ हाय ती. त्याच्या हाताची. सुटली का गेली. परत कोन बांधनार?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, फार राग आला. भाऊ माझाही होता. त्यानं आईसाठी जे करून ठेवलं, ते हा माणूस डोळ्यांदेखत मारतोय, असं वाटलं. आणि त्याच वेळी मलाही त्या शेपट्या तशाच राहाव्यात असं वाटत होतं. हरेशचा शर्ट आईनं धुवायला टाकला नव्हता, तो मी तरी कुठं टाकू दिला असता? पण शर्टाला मुळं नसतात. मी घरात येऊन आईजवळ रडले. आई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं, सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि वाफ्याकडे गेली.

बाबा तिथंच बसले होते. आई त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. आईनं डोळे कधी भरले नव्हते, पट्टी कधी बांधली नव्हती; तो बाबांचा आणि पोरांचा प्रांत. तिनं एका शेपटीवर बोट ठेवलं.

"ह्या काय?" तिनं विचारलं. "तुमी बांधता तशी नाय दिसं."

बाबांनी नुसती मान हलवली.

"तुमच्या गाठीला सुरी लागते. हिला नाय लागं." तिनं शेपटी चिमटीत धरली. "सुटावी म्हनूनच बांधलीन त्यानी."

आणि तिनं ओढली. एका ओढीत वेढे सुटले आणि पट्टी तिच्या हातात आली. आतला डोळा हिरवागार होता. बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई पुढच्या रोपाकडे सरकली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक पट्टी ती मांडीवर ठेवत होती. शेवटच्या रोपाशी आली तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं.

"येक राहू दे. मना येक राहू दे."

आईनं त्यांच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. एक राहिली.

त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी आणखी खारट झालं. बाबांच्या जंबेऱ्यांची पानं टोकाकडून करपत गेली, एक एक करत वाफेच्या वाफे पिवळे पडले. हरेशची बालवाडी मात्र तशीच उभी राहिली, बुटकी आणि हिरवी. बाबांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही. पण पुढच्या वर्षी शिरढोणला बाबांनी बाहेरून विकत आणलेलं उंच रोप एका गिऱ्हाइकानं उचललं, तेव्हा मी शेजारीच होते. बाबांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं आणि रंगपुरावरचं लहान रोप दिलं. म्हणाले, "हा न्या. शेंडा नका बगू." माणूस वैतागून निघून गेला. बाबा खाटेवर बसले आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. ज्याला हे ऐकवायचं होतं, तो तिथं नव्हता.

पपनसाची रोपं आईनं वानवळ्यासारखी वाटली. एक माझ्या सोसायटीच्या मागच्या अंगणात आहे, वॉचमनच्या खोलीशेजारी. एक आईच्या माहेरी उरणला. दोन-तीन घरामागे. पाचव्या वर्षी पहिलं फळ आलं. आईनं ते देवापुढे ठेवलं, मग विळीवर चिरलं. जुन्या झाडाच्या फळापेक्षा लहान, साल पातळ, आत तोच गुलाबी रंग. आईनं एक पाकळी तोंडात टाकली. "आपलंच हाय," म्हणाली. थोडा वेळ चावत राहिली. "जास्त गोड हाय." मग तिनं ताट बाजूला सारलं.

मी कधी कधी संध्याकाळी सोसायटीतल्या त्या झाडाखाली उभी राहते. शेजारणी म्हणतात, "तुमच्या आईचं पपनस काय मस्त आहे हो!" मी मान डोलावते. फळाला आईचं नाव आहे. पण ते पातळ सालीचं का झालं, एवढं गोड का झालं, खाऱ्या मातीत तग धरून का राहिलं, हे जमिनीखालचं कुणाला दिसत नाही, आणि मी सांगत बसत नाही. त्याला बायको नव्हती, मूल नव्हतं. जालन्याहून रुमालात आणलेलं मूठभर बी, एवढंच तो मागे ठेवून गेला. मला त्याची इतकी आठवण येते, की पपनस सोलताना अजून हात थांबतात.

आणि ते राहिलेलं एक रोप. त्याची पट्टी बाबांनी कधी सोडली नाही. अर्थातच डोळा आत सुकला. डोळा लागला की खुंटाचा वरचा शेंडा छाटतात, तोही बाबांनी छाटला नाही, त्यामुळे खुंट आपला वाढत राहिला आणि त्याचंच झाड झालं. आंबट रंगपुराचं. दर हिवाळ्यात ते नारिंगी फळांनी भरतं. येणारे-जाणारे विचारतात, "काका, संत्री विकायची का?" बाबा म्हणतात, "इकायची नाय." आई त्यांचं लोणचं घालते. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं काहीतरी खूळ आहे. असू दे.

तर, परवा फोन आला आणि मी रविवारी गावी गेले. बाबांना आता नीट दिसत नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. ते त्या झाडापाशी खाट टाकून बसले होते. हातात सुरी.

"आज सोडवतो म्हनलं," ते म्हणाले. "लय वर्सं झाली. त्यानी सुटावी म्हनून बांधली, नि मी धरून बसलो."

मी खाटेच्या कडेला बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"पन सापडंच ना, बाय."

त्यांनी माझा हात घेतला आणि खोडावर ठेवला. मनगटाहून जाड झालेलं खोड. वीतभर उंचीला एक फुगवटा होता, कमरपट्ट्यासारखा गोल. साल दोन्ही बाजूंनी चढत चढत पट्टीवर येऊन मिटली होती. मी नखानं खरवडून पाहिलं. ना प्लॅस्टिक, ना शेपटी. हरेशच्या हाताचा तो वेढा झाडाच्या आत गेला होता, आणि तो बाहेर काढायचा तर झाड कापावं लागलं असतं.

"हतंच हाय ना?" बाबांनी विचारलं.

"इथंच आहे, बाबा. आत आहे."

ते बराच वेळ त्या फुगवट्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी खिशातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पपनसाची काडी काढली. सकाळीच घरामागच्या झाडाची तोडून ठेवली होती. "भर," म्हणाले. "माज्या हाताला दिसं ना आता."

जाड खोडात डोळा बसत नाही. फुगवट्याच्या वर, या पावसाळ्यात फुटलेली पेन्सिलीएवढी एक फांदी मी निवडली. चीर दिली. साल अलगद उचलली गेली, खरंच सुटली होती. डोळा आत सरकवला. बाबांनी पट्टी माझ्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाले, "त्याच्यावाणी बांध."

मी बांधली. शेवटचा वेढा, त्याखालून टोक, बाहेर बोटभर शेपटी, विहिरीकडे तोंड करून. पहिल्यांदा टोक निसटलं, म्हणून दोनदा करावं लागलं. आई दारातून बघत होती, आली नाही.

बाबांनी चाचपत शेपटी शोधली आणि दोन बोटांत धरली. ओढली नाही. नुसती धरून बसले.

"सुटंल ना?"

"एका ओढीत," मी म्हटलं.

"तीन आठवड्यांनी ये," ते म्हणाले. "पन हात लावू नको. मी सोडीन."